लोकरी लष्करी टोपी कोकणात मांडताना

जुनी लोकरी बेरेट चिऱ्याच्या भिंतीवर खिळ्याला टांगू नका. पावसाळ्यात भिंत ओल धरते, टोपीला बुरशी येते आणि सगळा ताण खिळ्यावर येऊन कापड फाटतं. आत आम्लविरहित टिश्यू कागदाचा बोळा भरून ती काचेच्या पेटीत ठेवा, उन्हापासून लांब. सोबत ओल शोषणारं सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक हवाच: काटा ५० टक्क्यांच्या आसपास राहू द्या, ६५ ओलांडला की बुरशीला रान मोकळं. पितळी बिल्ल्यामागे पॉलिएस्टरची पातळ फिल्म सरकवा, नाहीतर खाऱ्या हवेने चढणारा हिरवा कळंक लोकरीत उतरतो. बिल्ला टोपीवर असताना पॉलिश मुळीच नको. पांढरी पूड विणीत अडकून बसते. कसर (लोकर खाणारी कीड) लागलीच, तर टोपी हवाबंद पिशवीत घालून फ्रीझरमध्ये उणे १८ अंश सेल्सिअसवर दोन आठवडे ठेवा.