झाडाखालच्या सावलीत व्हेरिगेटेड सॉलोमन्स सील कसं लावायचं

अमेरिकेत किंवा कॅनडात घर आहे, मागच्या यार्डात मोठा मेपल नाहीतर ओक आहे आणि त्याच्याखाली लॉन काही केल्या टिकत नाही, तर तिथे व्हेरिगेटेड सॉलोमन्स सील लावा. मूळचं हे युरोप-आशियातल्या जंगलातलं रानफूल, थंडीत वरचं सगळं वाळून जातं आणि वसंतात परत कोंब येतात. दांडे एका बाजूला झुकलेले, पानांना पांढरी किनार आणि मे महिन्याच्या सुमारास दांड्याखाली लोंबणारी पांढरी सुवासिक फुलं. २०१३ साली पेरेनियल प्लांट असोसिएशनने याला त्या वर्षीचं पेरेनियल, म्हणजे वर्षानुवर्षं टिकणारं झाड, म्हणून निवडलं होतं आणि अगदी योग्य निवड होती. फुलं लवकर संपतात, पण ती पांढरी किनार फॉलपर्यंत अंधारा कोपरा उजळून टाकते, माझ्यासाठी तर खरी मजा तीच.

पुण्या-मुंबईत मात्र नका लावू, याला कडक थंडीतली विश्रांती लागतेच. आयुर्वेदातल्या मेदा-महामेदा या औषधी वनस्पती याच्याच पॉलिगोनॅटम प्रजातीतल्या (genus), त्याही हिमालयातच होतात.

लावायची वेळ सप्टेंबर-ऑक्टोबर किंवा वसंताची सुरुवात. याचे कंद हळदीसारखे आडवे वाढतात, प्रत्येक तुकड्याला एकतरी डोळा हवा. जमीन भुसभुशीत करून त्यात कुजलेला पालापाचोळा मिसळा, मग कंद आडवा ठेवून डोळा वर करून साधारण २ इंच खोल लावा, दोन कंदांत फूटभर अंतर ठेवा. मेपलची मुळं खूप वर असतात, ती तोडत बसू नका, मुळांच्या मधे जिथे हात जाईल तिथेच छोटे खड्डे करा, आणि बुंध्याभोवती मातीचा ढीग तर अजिबात नको, झाडाला त्रास होतो.

पहिल्या वर्षी नियमित पाणी द्या, कारण मोठं झाड सगळं पाणी ओढून घेतं, एकदा मुळं धरली की मग थोडी कोरडी सावलीसुद्धा चालते. दुपारचं कडक ऊन टाळा, पानांच्या कडा करपतात. पहिली एक-दोन वर्षं दोन-चारच दांडे दिसतील, धीर धरा, उकरून बघू नका, हे हळूहळूच पसरतं. कोंब उशिरा येतात म्हणून जागेवर काठी खोचून ठेवा, नाहीतर वसंतात साफसफाई करताना फावडं नेमकं त्यांच्यावरच पडतं. सोबत फर्न आणि होस्टा छान दिसतात. हरणं सहसा याला तोंड लावत नाहीत, पण गोगलगायी कोवळे कोंब खातात, तेवढं संध्याकाळी बघत जा.

नंतर निळी-काळी फळं धरतात ती विषारी आहेत, घरात लहान मुलं असतील तर फुलं सुकल्या सुकल्या खुडून टाका. आणि एखादा दांडा पूर्ण हिरव्या पानांचा निघाला तर तो कंदासकट काढा, हिरवे दांडे जोरात वाढतात आणि मग किनारीवाले मागे पडतात.