गाडी चावी ओळखेना, तर काय करावं?

सेल्फ मारला की इंजिन एक-दोन सेकंद चालतं आणि बंद पडतं. मीटरमध्ये चावीचं किंवा कुलपाचं चिन्ह लुकलुकत राहतं. काही गाड्यांत तर सेल्फही फिरत नाही. अशा वेळी संशय आधी बॅटरीवर जातो, मग पेट्रोलवर. खरं म्हणजे ते लुकलुकणारं चिन्ह सांगत असतं की गाडीने तुमची चावी ओळखलेली नाही.

कंपनीतून बसवून आलेल्या चोरीविरोधी यंत्रणेत अलार्म आणि इमोबिलायझर ही दोन वेगळी माणसं कामाला असतात, असं समजा. रिमोटने गाडी लॉक केली की अलार्म पहारा सुरू करतो. दारं, डिकी आणि बहुतेक गाड्यांत बॉनेट, यांचे स्विच तो पाहत असतो. त्यातलं काही रिमोटशिवाय उघडलं की हॉर्न वाजतो, इंडिकेटर लागतात. तो लोकांना जागं करतो, पण गाडी अडवत नाही. गाडी अडवतो तो इमोबिलायझर, तोही आवाज न करता.

चावीच्या प्लास्टिकच्या डोक्यात ट्रान्सपॉन्डर नावाची छोटी चिप असते. तिला सेल लागत नाही. इग्निशनच्या कुलपाभोवती तारेची एक कडी बसवलेली असते. चावी फिरवली की ती कडी साधारण १२५ किलोहर्ट्झच्या लहरी सोडते आणि तेवढ्याच ऊर्जेवर चिप जागी होते. नव्या पद्धतीत गाडी दर वेळी वेगळा आकडा पाठवते, चिप आपल्या गुप्त संकेताने त्याचं उत्तर काढून परत देते. उत्तर जुळलं तरच ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, इंजिनाला इंधन आणि स्पार्क देतो. दार उघडणारं रिमोटचं बटण हा निराळा मामला आहे. ते सेलवर चालतं. त्यामुळे रिमोटचा सेल संपला तरी चावी घालून गाडी सुरू होते, आणि गाडी चावी ओळखत नसेल तर नवा सेल टाकून काही होत नाही.

आता तपासायला घ्या. आधी चावी किंवा कुलपाच्या चिन्हाचा दिवा पाहा. लॉक केलेल्या गाडीत तो संथ लुकलुकत असेल तर पहारा चालू आहे, काळजी नको. इग्निशन ऑन केल्यावरही लुकलुकतच राहिला, तर अडचण ओळखीची आहे.

मग चावी जुडग्यातून सुटी करा. शेजारी दुसऱ्या गाडीची चिपवाली चावी किंवा जाड धातूची कीचेन असेल तर सिग्नलमध्ये अडथळा येऊ शकतो. इग्निशन बंद करून थोडं थांबा आणि एकटी चावी लावून पाहा.

तरी नाही, तर दुसरी चावी आणा. तिने गाडी सुरू झाली तर दोष पहिल्या चावीत. इथे एक प्रश्न स्वतःला जरूर विचारा: हल्ली चावीचं कव्हर बदललंय का? काही चाव्यांमध्ये चिप म्हणजे कव्हरच्या खाचेत बसवलेला काळा, लहानसा तुकडा असतो. नवं कव्हर लावताना सर्किट आणि पातं हलवलं जातं, आणि तो तुकडा जुन्या कव्हरबरोबर कचऱ्यात जातो. दारं रिमोटने झकास उघडतात, गाडी मात्र सुरू होत नाही. म्हणून जुनं कव्हर कधीही लगेच फेकू नका. दोन्ही चाव्या चालल्या नाहीत तर दोष गाडीच्या बाजूला आहे: उतरलेली बॅटरी, कडीची सुटलेली पिन किंवा वायरिंग. बॅटरी स्वतः तपासा, बाकीचं स्कॅनर असलेल्या गॅरेजवर सोडा. वायरी तोडून जोडण्याचा खटाटोप कुणालाही करू देऊ नका. परवानगी ईसीयूकडून येते, वायर जोडून ती मिळत नाही.

पुश बटणाच्या गाडीत स्मार्ट की (खिशात असली तरी गाडी जिला ओळखते ती चावी) असते. तिचा सेल संपला तर तिच्यामध्ये लपवलेलं धातूचं पातं काढून दार उघडा. अलार्म वाजू शकतो, घाबरू नका. ब्रेक दाबून स्मार्ट की स्टार्ट बटणाला टेकवा, किंवा काही गाड्यांत कीनेच बटण दाबा. तिथेही बिनसेलाची चिप असते. नेमकी जागा मॅन्युअलमध्ये दिलेली असते, ती आजच पाहून ठेवा.

चावी हरवली तर नुसती नवी बनवून घेऊ नका. पातं कापून दार उघडेल, पण चिप गाडीच्या मेमरीत नोंदवावी लागते. त्याच वेळी हरवलेल्या चावीची नोंद पुसायला सांगा. दुसरी चावी घरी ठेवा, डॅशबोर्डच्या कप्प्यात नको. गाडी चोरीला गेली तर विमा कंपन्या सहसा दोन्ही चाव्या मागतात.

एका ठिकाणी मात्र इमोबिलायझर हतबल आहे. एक चोर घराच्या दाराशी आणि दुसरा गाडीपाशी उभा राहून घरातल्या स्मार्ट की चा सिग्नल यंत्राने पुढे पोहोचवतो. उत्तर खऱ्या कीनेच दिलेलं असल्यामुळे गाडी ते मान्य करते. यावर उपाय म्हणजे स्मार्ट की झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवणं. डबा घेऊन गाडीजवळ जा आणि दाराचं बटण दाबून पाहा. दार उघडलं तर तो डबा कामाचा नाही, दुसरा घ्या.