चेंबरला पॅकिंग की सिलिकॉन? या चुका टाळा

पावसाळा सरत आला आणि कासची फुलं बघायला गर्दी सुरू झाली की आमच्या साताऱ्यातल्या गॅरेजमध्ये चेंबरची कामं वाढतात. यवतेश्वरच्या घाटात समोरून गाडी येते म्हणून चाक साइडपट्टीवरून खाली उतरतं, खालून दगड लागतो, आणि दोन दिवसांनी दारात काळा डाग दिसतो. चेंबर, म्हणजे इंजिनाच्या पोटाखालचं ऑइलचं भांडं, उतरवून सरळ करून परत बसवायची वेळ आली की गाडीमालक हमखास विचारतात, “मिस्त्री, पॅकिंग टाकताय का सिलिकॉन?” पॅकिंग म्हणजे जोडात बसवायची रबराची किंवा कॉर्कची तयार पट्टी, आणि सिलिकॉन म्हणजे ट्यूबमधून पिळून लावायची, नंतर रबरासारखी सुकणारी लुगदी.

विचारायलाच हवं असं हे आहे. पण याचं उत्तर तुमच्या किंवा माझ्या आवडीवर नाही. इंजिन बनवणाऱ्याने तो जोड कशासाठी घडवलाय, त्यावर आहे. परत परत गळणारे चेंबर मी बरेच उघडले आहेत. त्यात माल वाईट निघाला असं क्वचित झालं. जोड न बघता केलेली निवड किंवा बसवतानाची घाई, हेच बहुतेक वेळा नडलेलं असतं.

गळतं कुठून, हे न बघता चेंबर उतरवणं

ऑइल वरून खाली ओघळतं आणि गाडी पळताना वाऱ्याने मागे सरकतं. टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणाचं पॅकिंग पाझरलं, ऑइल प्रेशरचा स्विच गळला, फिल्टर सैल राहिला, तरी थेंब शेवटी चेंबरच्याच कडेवरून पडतो. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून पडत असेल तर क्रँकचा, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या मुख्य दांड्याचा मागचा सील तपासायला हवा. ड्रेन बोल्टचा वायसर तर सगळ्यात आधी बघा.

इंजिनाची खालची बाजू धुऊन कोरडी करा, जोडांवर टाल्कम पावडर मारा, दहा-पंधरा किलोमीटर फिरून या आणि बॅटरी मारून बघा. पावडर सगळ्यात वर जिथे ओली झालीय, गळती तिथली. एवढं केलं तर निम्म्या दिवसाची फुकटची खोलाखोली वाचते.

निवड दुकानाच्या काउंटरवर करणं

चेंबर उतरवताना जुन्या जोडात काय होतं ते नीट बघा, आणि त्या इंजिनाचं सर्व्हिस मॅन्युअल काय सांगतं ते वाचा. अनेक मारुती-सुझुकी आणि टोयोटा इंजिनांत कारखान्यातूनच पॅकिंग नसतं. ब्लॉक (इंजिनाचं मुख्य धड) आणि चेंबरच्या दोन्ही कडा सपाट असतात आणि मध्ये फक्त सिलिकॉनची बारीक रेघ असते. बोल्ट आवळल्यावर धातू जवळजवळ धातूला टेकावा आणि मधली फट सिलिकॉनने भरावी, असा तो जोड असतो. दुसऱ्या प्रकारात साच्यातलं रबरी पॅकिंग असतं. त्यासाठी कडेत खाच असते किंवा पॅकिंगच्या बोल्ट-भोकांत लोखंडी बुश असतात, म्हणजे रबर ठरलेल्यापेक्षा जास्त दबत नाही. तिसरा प्रकार जुन्या इंजिनांवरचा: दाबून केलेलं पत्र्याचं चेंबर आणि कॉर्क किंवा रबर-कॉर्कचं पॅकिंग.

सिलिकॉनच्या जोडात पॅकिंग घातलं तर काय बिघडतं? अॅल्युमिनियमचं चेंबर बऱ्याच इंजिनांत गिअरबॉक्सलाही बोल्टने जोडलेलं असतं. मध्ये पॅकिंगची जाडी आली की चेंबर तेवढं खाली बसतं आणि मागची भोकं व पृष्ठभाग जुळत नाहीत. मग कुणीतरी बोल्ट ओढून जुळवतो, आणि ताणाने चेंबरला तडा जातो. उलटं केलं, म्हणजे रबराच्या खाचेत नुसतं सिलिकॉन भरलं, तर थर इतका जाड होतो की आतलं लवकर सुकतच नाही आणि गरम ऑइल त्याला ढकलून बाहेर काढतं.

जिथे मॅन्युअल दोन्हीला परवानगी देतं, तिथे मी एकच गोष्ट बघतो: कड पूर्ण कोरडी राहणार आहे का? इंजिन बाहेर काढून उलटं ठेवलं असेल तर सिलिकॉन उत्तम बसतं. पण गाडीखाली आडवं पडून काम चाललंय आणि ब्लॉकमधून तासन्‌तास थेंब येताहेत, तर मी रबरी पॅकिंगच घेतो. ओल्या धातूला सिलिकॉन धरत नाही.

“डबल सेफ्टी” म्हणून दोन्ही लावणं

ही चूक चांगल्या हेतूने होते, म्हणून समजावून सांगावी लागते. ओलं सिलिकॉन बुळबुळीत असतं. रबरी पॅकिंगला ते दोन्ही बाजूंनी फासलं की बोल्ट आवळताना पॅकिंग बाहेरच्या बाजूला सटकतं, दोन बोल्टांच्या मध्ये फुगतं आणि तिथूनच गळायला लागतं. रबरी पॅकिंग कोरडंच बसवा. अपवाद फक्त कोपऱ्यांचा. टायमिंग कव्हर ब्लॉकला जिथे भिडतं आणि मागच्या सीलचं घर जिथे भिडतं, तिथे दोन भागांच्या सांध्यात बारीक पायरी असते. तेवढ्या जागी ज्वारीच्या दाण्याएवढा ठिपका द्यावा. मॅन्युअलमध्ये त्या जागा दाखवलेल्या असतात.

जास्त लावलं की जास्त टिकतं, हा समज

एक गाडी आली होती. खंबाटकी घाट चढताना ऑइलचा लाल दिवा लुकलुकतो, अशी तक्रार. ऑइलची पातळी बरोबर. चेंबर थोड्याच महिन्यांपूर्वी दुसरीकडे उघडलेलं. मी उतरवलं तर स्ट्रेनरच्या, म्हणजे ऑइल पंपाच्या तोंडाशी असलेल्या गाळणीच्या जाळीवर सिलिकॉनच्या दोऱ्या गुंडाळलेल्या होत्या. पंपाला ऑइल ओढता येत नव्हतं. बेअरिंग वाचली, कारण मालकांनी दिवा दिसल्याबरोबर इंजिन बंद केलं होतं.

बाहेर जेवढं पिळून येतं तेवढंच आतही येतं, आणि आतलं दिसत नाही. दोन ते तीन मिलिमीटर जाडीची अखंड रेघ पुरते. ती बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने न्यायची. बाहेरच्या बाजूने नेली तर ऑइल भोकात शिरतं आणि बोल्टच्या आट्यांवरून खाली येतं. मग रेघ कितीही जाड असो, बोल्टच्या डोक्याशी थेंब लटकलेलाच असतो.

मिळेल ती ट्यूब वापरणं

बाथरूमच्या फटी भरायचं सिलिकॉन गरम ऑइलमध्ये टिकत नाही. सुकताना ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, त्यातून अॅसिटिक आम्ल सुटतं. ते धातूला गंज आणतं आणि सेन्सरलाही चांगलं नाही. ट्यूबवर ऑइलमध्ये टिकणारं आणि सेन्सरसाठी सुरक्षित, असं लिहिलेलं बघा. तारीख बघा. नुसत्या रंगावर जाऊ नका, तांबडी ट्यूब जास्त उष्णता सोसते म्हणून ती ऑइललाही चांगली, असं होत नाही. हवा तुटल्यावर सुकणारं अॅनारोबिक सीलंटही मिळतं. ते मशीन केलेल्या घट्ट, सपाट जोडांसाठी असतं, पत्र्याच्या चेंबरसाठी नाही.

साफसफाईत हात आखडता घेणं

मला विचाराल तर गळतीचं खरं मूळ इथे आहे. जुनं सिलिकॉन प्लॅस्टिकच्या पट्टीने सोलून काढा. अॅल्युमिनियमवर लोखंडी पातं ओरखडे पाडतं आणि प्रत्येक ओरखडा ऑइलसाठी वाट होते. ग्राइंडरला पॉलिश पेपरची चकती लावून कड चकाचक करायचा मोह आवरा. त्या चकतीतली अॅल्युमिनियम ऑक्साइडची धूळ ब्लॉकमध्ये उडाली तर ऑइलबरोबर बेअरिंगमध्ये जाते आणि इंजिन खाते.

शेवटचा हात ब्रेक क्लीनरचा आणि पांढऱ्या कापडाचा. डिझेलने पुसलं तर मागे तेलकट पापुद्रा राहतो. कापड पांढरंच राहीपर्यंत पुसत राहा. बोल्टच्या बंद भोकांत साचलेलं ऑइलही काढा, नाहीतर बोल्ट तळाला जाण्याआधी ऑइलवरच अडतो आणि आवळल्यासारखा भासतो.

पत्र्याचं चेंबर असेल तर कडेवर सरळ पट्टी ठेवून फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) बघा. आधी कुणी बोल्ट जास्त ओढले असतील तर भोकांभोवती पत्रा फुगलेला सापडतो. खाली लाकडी ठोकळा धरून हलक्या हातोडीने तो बसवा. तळाला पोचा असेल तर तोही काढा, कारण तळ आणि स्ट्रेनर यांच्यातली फट कमी झाली की पंपाला ऑइल कमी पडतं.

ताकदीने आवळणं

हे बोल्ट बहुधा ६ मिलिमीटर जाडीचे, १० च्या गोटीचे असतात. त्यांना साधारण १० न्यूटन-मीटर (आवळायच्या जोराचं माप) पुरतं, नेमका आकडा मॅन्युअलचा घ्या. लांब दांड्याचा पाना लावून जोर काढला तर अॅल्युमिनियमचे आटे सुटतात किंवा कॉर्क चिरतं. मध्यापासून सुरुवात करून समोरासमोरच्या बोल्टांनी बाहेर जा, दोन-तीन फेऱ्यांत. गाडी उचलली असेल तर जॅकवर विसंबून खाली जाऊ नका, गाडी तोलून धरणाऱ्या लोखंडी घोड्या लावा, आणि जॅक चेंबरखाली कधीच नको.

सुकायला वेळ न देणं

हे सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने सुकतं, बाहेरून आत. म्हणून आषाढात साताऱ्यात झड लागलेली असताना त्यावर साय पटकन धरते, आणि एप्रिलच्या कोरड्या हवेत उशीर लागतो. साय धरल्यानंतर चेंबर टेकवलं तर ते नीट चिकटत नाही. रेघ ओढली की दहा मिनिटांच्या आत बसवा. एकदा टेकवलं की सरकवू नका, सरकलंच तर पुसून पहिल्यापासून करा. ऑइल मात्र २४ तासांनी भरा. “संध्याकाळी पुण्याला निघायचंय” म्हणणाऱ्याला मी सांगतो, मग आज हे काम काढूच नका.

आणि एक: सुकलेल्या सिलिकॉनचा जोड गळतोय म्हणून वरून बोल्ट आवळू नका, चिकटलेला थर तुटतो. कॉर्कचं पॅकिंग मात्र काही दिवसांनी हलक्या हाताने तपासून आवळता येतं.

तरीही गळलं तर

दुसऱ्याच दिवशी एका ठिकाणी थेंब दिसला, तर तिथे कड तेलकट राहिली होती किंवा रेघ तुटली होती. सगळ्या कडेने एकसारखा पाझर असेल तर चेंबर परत उघडण्याआधी ब्रीदरचा पाइप आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर काढायची वाट बघा. ती तुंबली की इंजिनाच्या पोटात दाब वाढतो आणि चांगला जोडही ओला होतो. काही आठवड्यांनी सुरू झालं तर कड वाकडी राहिली असण्याची शक्यता जास्त. काम झाल्यावर पहिले दोन-तीन दिवस रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरा आणि सकाळी थेंब पुसण्याआधी तो नेमका कशाखाली पडलाय याचा फोटो काढून ठेवा.