रद्द झालेलं तिकीटसुद्धा टाकू नका
मार्च 2020 मध्ये आंतरराष्ट्रीय विमानं बंद झाली आणि माझी धाकटी बहीण निपाणीत माहेरी अडकली, ती थेट सात महिने. नोकरी इंग्लंडात. तिथं कामाच्या व्हिसावर 5 वर्षांनी कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो, पण कुठल्याही 12 महिन्यांत 180 दिवसांहून जास्त बाहेर राहिलं तर अडचण. साथीमुळे प्रवास अडला असेल तर ते दिवस माफ होतात, मात्र पुरावा द्यावा लागतो. म्हणून विमान कंपनीचा रद्दचा ईमेल, परताव्याची पावती, ऑफिसचं रजेचं पत्र, सगळं तारखेवार लावून ठेवा. बहिणीनं बिस्किटाच्या डब्यात कागद जपले होते, तेच कामाला आले.

आपल्या सीमाभागात आणखी एक गोष्ट आहे, आणि माझ्या मते हीच जास्त नडते. जन्मदाखला कन्नडमध्ये, शाळेचा दाखला मराठीत, पासपोर्ट इंग्रजीत. एकावर ‘लक्ष्मी’, दुसऱ्यावर ‘लक्ष्मीबाई’! ऑफिसं बंद पडली की दुरुस्ती महिनोन्‌महिने रखडते, तेव्हा आधीच करून घ्या. कन्नड-मराठी कागदांच्या इंग्रजी भाषांतरावर ‘अचूक आहे’ असा लेखी दाखला, तारीख, भाषांतरकाराचं पूर्ण नाव, सही आणि संपर्क हवाच.

भारतातून व्हिसाचा अर्ज करताना लागणारा क्षयरोग तपासणीचा दाखला 6 महिनेच चालतो. तो अगदी शेवटी काढा.