पिगफेस ऐकायचंय? मग गायक शोधू नका, ड्रम पकडा

इंडस्ट्रियल रॉक (मशीनसारखे ठोके आणि खरखरीत आवाजांचं रॉक) आवडणारे बरेच जण पिगफेस या बँडचा एखादा अल्बम लावतात आणि तिसऱ्या गाण्यापर्यंत सोडून देतात, कारण दर गाण्यात आवाज वेगळा, मूड वेगळा, बँड नक्की कोणाचा तेच कळत नाही. पण जरा क्रमाने ऐकलं ना तर हा बँड असा काही पकडतो की सुटत नाही, म्हणून हे लिहितोय.

पहिलं काम, पिगफेस लावूच नका. आधी मिनिस्ट्री या बँडचा १९९० चा लाइव्ह अल्बम ऐका, 'इन केस यू डिडंट फील लाइक शोइंग अप'. त्याचा व्हिडिओ मिळाला तर बघाच, स्टेजपुढे तारेची जाळी आणि मागे एक सोडून दोन ड्रमर, मार्टिन ॲटकिन्स आणि बिल रिफ्लिन. पिगफेस सुरू केला तो याच दोघांनी, त्या टूरनंतर. ॲटकिन्स आधी पब्लिक इमेज लिमिटेड आणि किलिंग जोकमध्ये वाजवून आलेला. म्हणजे हा मुळात ड्रमरांनी काढलेला बँड आहे, गाणारे येत-जात राहतात, आणि ऐकायची किल्ली इथेच आहे. भजनात गाणारे बदलत जातात पण पखवाजवाला तोच असतो ना, तसं.

मग 'सक' हे एकच गाणं घ्या, १९९१ च्या 'गब' अल्बममधलं, गायलाय ट्रेंट रेझनर. ते ऐकून झालं की लगेच रेझनरच्याच नाइन इंच नेल्स बँडच्या 'ब्रोकन'मधलं (१९९२) तेच गाणं लावा. तिकडे गिटारची भिंत आहे, इकडे मात्र सगळा भार ड्रम, बास आणि आवाजावर. मला गबवालंच जास्त आवडतं, मोकळ्या जागेमुळे ते जास्त अंगावर येतं. हा फरक कानाला कळला की समजा निम्मं काम झालं.

आता पूर्ण 'गब' ऐका. रेकॉर्डिंग स्टीव्ह अल्बिनी या साउंड इंजिनिअरचं आहे, त्यामुळे ड्रम असे वाजतात जसे आपण त्याच खोलीत उभे आहोत. मोबाईलच्या स्पीकरवर प्लीज नको, हेडफोन नाहीतर बरे स्पीकर लावा, आणि पहिल्या वेळी शब्दांकडे लक्षच देऊ नका, फक्त बीट धरून बसा.

त्यानंतर गबच्या टूरचा लाइव्ह अल्बम आणि मग 'फूक' (१९९२). फूकमध्ये सिल्व्हरफिश बँडची गायिका लेस्ली रँकिन आहे, तिचा आवाज आला की सगळी खोली जागी होते. १९९४ चं 'नोट्स फ्रॉम दी अंडरग्राउंड' थोडं पसरट आहे, ते निवांत ऐका. पण १९९७ चं 'अ न्यू हाय इन लो' टाळू नका, निदान 'न्यूटोपिया' तरी ऐकाच, मेग ली चिन ज्या तोऱ्यात ते बोलत जाते ते मला या बँडच्या सगळ्यात भारी गोष्टींपैकी एक वाटतं. रीमिक्सचे अल्बम मात्र शेवटी, मूळ गाणी डोक्यात बसल्याशिवाय त्यात मजा नाही.

आणि एक, दर अल्बमची क्रेडिट्स वाचायची सवय लावा, कारण इथून रस्ते फुटतात. गायक ऑगर आवडला तर त्याच्या स्किनी पपी बँडकडे जा, एन एश आवडला तर त्याचा बँड केएमएफडीएम, पॉल रेवनचा बास आवडला तर किलिंग जोकचं 'नाइट टाइम' (१९८५). गबवर गायक डेव्हिड याओ पण आहे, त्याच्यासाठी त्याच्या जीझस लिझर्ड बँडचं 'गोट' घ्या, तेही १९९१ चं, रेकॉर्डिंग परत अल्बिनीचंच, त्यामुळे गबच्या पाठोपाठ लावलं तरी कानाला अजिबात खटकत नाही.