स्पिटफायरच्या पत्र्यावरची पांढरी पूड कशी थांबली

स्पिटफायर या दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाचा सुटा तुकडा हाती आला की आधी शिक्के वाचा, मगच ब्रश उचला. भाग क्रमांक ३०० ने सुरू होत असेल तर मूळ आराखडा मार्क १ चा (मार्क म्हणजे विमानाची आवृत्ती), ३४९ म्हणजे मार्क ५ आणि ३६१ म्हणजे मार्क ९. मात्र ३०० चे भाग पुढच्या मार्कांतही सर्रास वापरलेत, त्यामुळे एवढ्यावरून विमान ठरवू नये. ‘सीबीएएफ’ हा शिक्का इंग्लंडमधल्या कॅसल ब्रॉमिच विमान कारखान्याचा.

माझ्याकडच्या पॅनेलवर स्टीलच्या स्क्रूंभोवतीच पांढरी पूड, म्हणजे ॲल्युमिनियमचा गंज, पुन्हा पुन्हा धरायची. पत्र्याच्या डुरॅल्युमिन या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूत सुमारे ४ टक्के तांबं असतं; त्यात स्टीलचा स्पर्श आणि ओलावा मिळाला की ॲल्युमिनियम खंगत जातं. स्क्रू काढून चिठ्ठ्या लावून ठेवले. पूड नायलॉनच्या ब्रशने, डिस्टिल्ड वॉटर आणि थेंबभर सौम्य डिटर्जंट घेऊन काढली. नळाचं पाणी नकोच, त्यातलं क्लोराइड गंजाने पडलेल्या खड्ड्यांत बसून राहतं. स्टील वूल तर मुळीच नको, लोखंडाचे कण पत्र्यात रुततात. जुना प्रायमर (रंगाखालचा थर) झिंक क्रोमेटचा, म्हणजे विषारी असू शकतो. तो कोरडा घासू नका, हातमोजे घालाच.

पत्रा पूर्ण सुकल्यावर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात दिला, स्क्रूंखाली नायलॉनचे वॉशर टाकले. खोलीतली आर्द्रता ५० टक्क्यांखाली आहे, पूड परत आलेली नाही.