सकाळी टाच टेकवत नाही? हात आधी पोटरीला लावा

सकाळी बेडवरून उतरायचं, पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा घुसल्यासारखी कळ, मग भिंतीला धरून चवड्यांवर बाथरूमपर्यंत जायचं, दहा-पंधरा पावलं झाली की दुखणं जरा सैल होतं आणि संध्याकाळी तासभर बसून उठलं की परत तेच. हे ज्यांचं रोजचं झालंय त्यांच्यासाठी लिहितेय. मी इंग्लंडात नर्स आहे, बारा-बारा तासांची ड्युटी, वॉर्डातली फरशी कडक, तिसऱ्या वर्षी माझी डावी टाच धरली. तिकडे कोल्हापुरात आईची उजवी टाच त्याच्याही आधीपासून दुखत होती, एक्स-रेत "हाड वाढलंय" असं निघालं आणि आता हे असंच राहणार म्हणून ती गप्प बसली. रंकाळ्यावरचं संध्याकाळचं फिरणंसुद्धा तिने सोडून दिलं होतं, ते मला सगळ्यात जास्त लागलं.

पहिलं तर त्या वाढलेल्या हाडाची भीती मनातून काढा. टाच अजिबात न दुखणाऱ्या कितीतरी लोकांच्या एक्स-रेत ते टोक दिसतं, आणि ते तसंच राहून दुखणं पूर्ण जातं, आईचंही तसंच झालं.

मी गेले होते ऑस्टिओपॅथकडे. आपल्याकडे हे नाव फार कुणाला माहीत नसतं म्हणून थोडक्यात सांगते. अँड्र्यू टेलर स्टिल या अमेरिकन डॉक्टरने १८७४ मध्ये ही पद्धत मांडली आणि १८९२ मध्ये मिसूरीतल्या कर्क्सव्हिलला पहिली शाळा काढली. आज अमेरिकेत ऑस्टिओपॅथिक डॉक्टर म्हणजे पूर्ण डॉक्टर, औषधं लिहितात, ऑपरेशन करतात. ब्रिटनमध्ये मात्र हा हाताने सांधे आणि स्नायूंवर काम करणाऱ्यांचा वेगळा व्यवसाय आहे, त्यासाठी १९९३ चा कायदा आहे आणि रजिस्टरमध्ये नाव असल्याशिवाय तिथे कुणाला स्वतःला ऑस्टिओपॅथ म्हणवता येत नाही. भारतात असे लोक मोजकेच, त्यामुळे तुम्ही मॅन्युअल थेरपी करणारा फिजिओ शोधा, बरीचशी कामं तीच असतात.

तर माझ्या ऑस्टिओपॅथ बाईंनी पहिली दहा मिनिटं माझ्या टाचेला हातच लावला नाही. चालून दाखव म्हणाल्या, गुडघा भिंतीला लाव म्हणाल्या, पोटरी दाबून बघितली, पायाचा अंगठा वर उचलून बघितला. मला वाटलं, अहो दुखतंय खाली आणि तुम्ही बघताय कुठे. पण एका पायाच्या पंजात २६ हाडं आणि ३३ सांधे असतात, आणि टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्यात एक जाड पट्टा जातो, त्याला प्लांटार फॅशिया म्हणतात. पोटरी आखडली की घोटा पुढे नीट वाकत नाही, मग प्रत्येक पावलाला तो न वाकलेला भाग या पट्ट्याला सोसावा लागतो आणि पट्टा जिथे टाचेला चिकटलाय तिथे कळ येते. रात्री झोपेत पाऊल खाली झुकलेलं राहतं, पोटरी आणि पट्टा दोन्ही आखडलेले राहतात, म्हणून सकाळचं पहिलं पाऊल सगळ्यात वाईट. म्हणजे ओरडते टाच, पण अडलेलं असतं वरती. ही एक गोष्ट डोक्यात बसली की पुढचं सगळं सोपं आहे.

हात लावायच्या आधी

हे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका, मी नर्स म्हणून सांगतेय. एकच पोटरी सुजलीय, गरम लागतेय, लाल झालीय तर मालिश करायचं नाही, आत रक्ताची गाठ असू शकते, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. उडी मारल्यावर, पडल्यावर किंवा एकदम खूप चालल्यावर दुखायला लागलं आणि टाच दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबली की जोरात कळ येते, तर हाडाला बारीक तडा असू शकतो. दोन्ही टाचा एकदम, सोबत कंबर सकाळी अर्धा तास आखडलेली, हे संधिवाताच्या जातीचं असू शकतं. तळव्याला मुंग्या, बधिरपणा, रात्री झोपेतून उठवणारी कळ, ताप, यातलं काहीही असेल तर घरगुती उपाय बाजूला ठेवा. आणि शुगर असेल तर पायाला गरम पाणी, बर्फ, जोरात दाबणं काहीच स्वतःच्या मनाने करायचं नाही, संवेदना कमी असतात, भाजलेलं कळत नाही आणि छोटी जखम महिनोन्महिने चिघळते. आमच्या शेजारच्या काकूंचं तेच झालं, गरम पाण्याच्या बादलीने.

आधी बघून घ्या

अंगठ्याने टाचेखाली, थोडं आतल्या बाजूला, जिथे टाच संपून कमान सुरू होते तिथे दाबा. नेमकी तिथेच कळ असेल तर बहुतेक तो पट्टाच. मग भिंतीसमोर उभं राहा, पायाचा अंगठा भिंतीपासून चार बोटांवर ठेवा, टाच न उचलता गुडघा भिंतीला लावा. लागला तर पाऊल अजून मागे घ्या. साधारण १० सेंटिमीटरवरून गुडघा टेकला तर घोटा मोकळा आहे. दोन्ही पायांचं मोजा आणि कुठेतरी लिहून ठेवा. आईचा दुखरा पाय ४ सेंटिमीटरवरच अडकत होता, तिला स्वतःलाच बघून आश्चर्य वाटलं.

सकाळी, पाय जमिनीला लावायच्या आधी

बेडवर बसूनच दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या, हाताने पायाची सगळी बोटं पकडून नडगीकडे ओढा, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने कमानीत चाचपा, पट्टा वीणेच्या तारेसारखा ताठ लागला पाहिजे, तो लागला म्हणजे बरोबर ओढलंय. १० सेकंद धरायचं, सोडायचं, असं १० वेळा. दिवसातून तीनदा, पण सकाळचं पहिलं पाऊल टाकायच्या आधीचं चुकवायचं नाही. एवढं एकच केलं तरी सकाळ बरीच सुसह्य होते. आईला मी फोनवर पंधरा दिवस रोज विचारायचे, केलंस का गं, मग तिला सवय लागली.

पोटरी, हे दुसऱ्याने करायचं

यासाठी घरातलं एक माणूस लागतं. ज्याचा पाय आहे त्याने पालथं झोपायचं, घोट्याखाली उशी. हाताला चार थेंब तेल, कुठलंही चालतं. सुरुवात टाचेच्या वरच्या जाड स्नायुबंधापासून (पोटरीला टाचेशी जोडणारा पट्टा), सगळा तळहात टेकवून सावकाश वर सरकायचं, गुडघ्याच्या खाली चार बोटं थांबायचं. गुडघ्याच्या मागच्या खळग्यात दाबायचं नाही, तिथे रक्तवाहिन्या आणि नस वरच असतात. फुगलेल्या निळ्या शिरा असतील त्याही सोडून द्यायच्या. चार-पाच वेळा असा हात फिरवला की बोटांना कळायला लागतं, कुठे मऊ आहे, कुठे दोरीसारखं कडक आहे. त्या कडक जागेवर अंगठा ठेवून नुसतं थांबायचं, घासायचं नाही, अर्धा मिनिट.

किती दाबायचं हा सगळ्यांचा प्रश्न असतो. समोरच्याच्या पायाची बोटं बघा आणि श्वास ऐका. आईच्या पोटरीत आतल्या बाजूला एक गाठ होती, मी पहिल्यांदा जोर लावला तर तिने श्वास धरला आणि पायाची बोटं आखडली, म्हणजे मी जास्त दाबत होते. जोर निम्मा केला, हात तसाच ठेवला, थोड्या वेळाने तिने लांब श्वास सोडला आणि म्हणाली "हां, तिथंच बघ, तिथंच हाय ते." आणि अंगठ्याखाली ती दोरी लोण्यासारखी सैल होताना मला कळली. जोर त्या "तिथंच" एवढाच हवा, सहन करायला लागला म्हणजे स्नायू उलटा जास्त आखडतो.

घोटा

आता उताणं झोपायचं, टाच बेडच्या कडेबाहेर. करणाऱ्याने टाच तळहातात धरायची, स्वतःचा कोपर ते मनगट हा भाग त्याच पायाच्या तळव्याला टेकवायचा आणि अंगाने हलकं झुकून पाऊल नडगीकडे न्यायचं, जिथे अडेल तिथे थांबायचं. आता ज्याचा पाय आहे त्याने पाऊल खाली दाबायचा प्रयत्न करायचा, अगदी थोड्या ताकदीने, एक पंचमांश समजा, आणि करणाऱ्याने जागचं हलू द्यायचं नाही. ५ ते ७ सेकंद. मग "सोड" म्हणायचं, एक पूर्ण श्वास जाऊ द्यायचा, आणि पाऊल पुढे न्यायचं, ते आपोआप थोडं जास्त जातं. ३ ते ५ वेळा. ओढाओढी करायची नाही. ऑस्टिओपॅथी करणाऱ्यांचं हे रोजचं तंत्र आहे, स्नायूलाच काम करायला लावून त्याला सैल करायचं.

त्यानंतर टाचेचं हाड मुठीत धरून डावी-उजवीकडे हळू हलवा, पंजाचा मधला भाग दोन्ही हातांनी ओलं फडकं पिळतो तसा पण अगदी हलका पिळा, शेवटी पायाचा अंगठा किंचित ओढून वर उचला. अंगठा वर गेला की पट्टा ताणला जातो आणि कमान उचलते, चालताना आपलं पाऊल असंच घट्ट होतं, म्हणून अंगठा अडलेला असेल तर टाच दुखत राहू शकते.

एक सांगते, ऑस्टिओपॅथ किंवा फिजिओ कधीकधी झटका देतात आणि कट् आवाज येतो, तो आवाज हाड जागेवर बसल्याचा नसतो, सांध्यातल्या द्रवात गॅसचा बुडबुडा झाल्याचा असतो. घरी असा झटका द्यायचा नाही आणि हाड बसवणाऱ्याकडेही त्यासाठी जाऊ नका.

तळवा, काशाच्या वाटीने

इथे आपल्याच घरातली वस्तू उत्तम आहे. काशाची वाटी, तळव्याला थोडं तूप किंवा तेल, टाचेपासून बोटांकडे लांब लांब हात, पाच मिनिटं, दुखऱ्या ठिपक्यावर घोटत बसू नका. तळवा काळा होतो, त्याला उष्णता निघाली म्हणतात, पण वाटीतला धातू आणि तेलाचं घासून ते काळं होतं. तरी वाटी सोडू नका, झोपायच्या आधी कुणीतरी पाच मिनिटं पाय हातात घेतला की झोप किती शांत लागते हे आजीने पाय चोळून दिलेल्या सगळ्यांना माहीत आहे. फरशी तेलकट करून उठू नका मात्र, पाय पुसून मगच. दिवसभर उभं राहून टाच ठणकत असेल तर पाण्याची बाटली गोठवून, मोजा चढवून, तळव्याखाली दहा मिनिटं फिरवा.

आता ताकद, नाहीतर सगळं परत येतं

हाताने मोकळं केलेलं एक-दोन दिवस टिकतं. टिकवायचं असेल तर पोटरी आणि पट्टा दोन्ही मजबूत करायला लागतात, आणि इथेच लोक सोडून देतात. जिन्याच्या पायरीवर चवड्यांवर उभं राहायचं, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी, म्हणजे बोटं वर उचललेली राहतात, टाचा पायरीबाहेर, हात कठड्याला. ३ सेकंदांत वर, २ सेकंद थांबा, ३ सेकंदांत खाली. १२ वेळा, असे तीन सेट, एक दिवसाआड. एका पायावर जमत नसेल तर दोन्हीवर, जमायला लागलं की एकावर, मग पाठीला सॅक. डेन्मार्कच्या संशोधकांनी हाच व्यायाम नुसत्या ताणण्याच्या व्यायामाशी ताडून बघितला तेव्हा तीन महिन्यांनी याचा फायदा जास्त दिसला. करताना थोडं दुखतं, ते चालतं, दुसऱ्या दिवशी सकाळी वाढलेलं असेल तर एक सेट कमी करा.

घरात अनवाणी फिरणं काही महिने बंद. गुळगुळीत टाइल्स आणि अनवाणी टाच हे आईच्या दुखण्याचं अर्धं कारण होतं. टाचेला जाड, जरा उंच असलेली मऊ चप्पल बेडच्या कडेलाच ठेवा. चपात्या उंच स्टुलावर बसून लाटा. आणि चालणं एकदम वाढवू नका, आळंदी ते पंढरपूर २५० किलोमीटरच्या आसपास आहे, दरवर्षी कितीतरी जण काहीच सराव न करता वारीला निघतात आणि टाच धरून परत येतात. वाटेत लोक सेवा म्हणून वारकऱ्यांचे पाय चोळून देतात, तो हात मोठा आधार असतो, पण पोटरीची तयारी दोन महिने आधी घरीच करायला हवी.

लागतो किती वेळ? महिने. बहुतेकांचं ऑपरेशनशिवाय वर्षाच्या आत बरं होतं, पण पहिल्या आठवड्यात चमत्कार शोधू नका, त्यापेक्षा दर पंधरा दिवसांनी ते भिंतीचं माप घ्या, दुखणं कमी व्हायच्या आधी तिथे फरक दिसू शकतो. सहा-आठ आठवडे नेमाने करूनही काहीच हललं नाही तर फिजिओला किंवा हाडाच्या डॉक्टरला दाखवा. टाचेत स्टिरॉइडचं इंजेक्शन सुचवलं तर घाईने हो म्हणू नका, त्याचा आराम बहुतेक थोडे दिवसांचा असतो आणि त्यामुळे पट्टा फाटण्याची शक्यता असते, डॉक्टरांशी ते मोकळेपणाने बोलून घ्या.

मला चार महिने लागले, आईला सहा. तिचा गुडघा आता ९ सेंटिमीटरवरून भिंतीला लागतो, टॉवेलचा व्यायाम आठवड्यातून दोनदा चालू आहे, आणि मी संध्याकाळी फोन केला की ती रंकाळ्यावर असते.